कारागीर दालनात बसला, पुढे काय?

संग्रहालयात लोकांसमोर बसून काम करणारे चित्रकार आणि कारागीर, या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावं वगळली आहेत.

प्रश्न : आमचं ट्रस्टचं छोटं संग्रहालय आहे. दोन दालनं, दोन कर्मचारी. एखादा कारागीर पंधरा दिवस बसवला तर गावातले लोक येतील, असं विश्वस्तांना वाटतं. कोणाला बोलवावं आणि तयारी कुठून सुरू करावी?
– अभिरक्षक, सोलापूर जिल्हा

तयारी कपाटापासून सुरू करा. तुमच्या संग्रहात जे आहे, त्याच्याशी नातं असलेला हात बोलवा. जुनी गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) असेल तर गंजिफा रंगवणारा, पितळी भांडी असतील तर ठोक्याचं काम करणारा. कारागीर समोर काम करतो आहे आणि दहा पावलांवर त्याच कामाचा दोनशे वर्षांपूर्वीचा नमुना कपाटात आहे, ही सोय फक्त संग्रहालयाकडे असते. ती नसेल तर जत्रेतला स्टॉल आणि तुमचं दालन यांत फरक उरत नाही.

दुसरी कसोटी वेगाची. पाहणारा माणूस एका जागी साधारण तीन ते पाच मिनिटं थांबतो. तेवढ्या वेळात डोळ्यांसमोर काही बदललं पाहिजे. कुंभाराच्या चाकावर ते घडतं, वारलीच्या रेषेत घडतं, लाकडी खेळण्याच्या लाखकामात घडतं. पैठणीचा भरगच्च पदर विणताना मात्र दिवसभरात काही बोटं कापड पुढे सरकतं, त्यामुळे दुपारी आलेल्याला आणि चारला आलेल्याला तेच दिसतं. म्हणून विणकर बोलवूच नये असं नाही. संथ कामासाठी टप्प्यांचा संच आधी करून घ्यावा लागतो, एवढंच. गंजिफाचं उदाहरण घ्या. कोरा गोल कागद, चिंचोक्याची खळ आणि खडूच्या पुडीचा लेप दिलेला कागद, दगडाने घोटून गुळगुळीत केलेला, पार्श्वरंग दिलेला, आकृती काढलेला आणि शेवटी लाख चढवलेला, अशी सहा पानं एका पट्टीवर मांडून ठेवली की कारागीर कोणत्याही टप्प्यावर असो, पाहणाऱ्याला मागचं-पुढचं कळतं. पंधरा दिवसांत पूर्ण संच व्हावा असा आग्रह मात्र नको. दशावतारी गंजिफात दहा रंग (पत्त्यांतल्या इस्पिक-बदामसारखे) आणि प्रत्येकी बारा, अशी १२० पानं असतात. घाई केली की लोकांना वाईट काम पाहायला मिळतं आणि कारागिराचं नाव जातं.

सावंतवाडीच्या राजवाड्यात हे जमून गेलेलं दिसतं. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी मरणपंथाला लागलेली गंजिफा पुन्हा उभी केली आणि कारागिरांची बैठक दरबार हॉलमध्येच ठेवली. पाहुणे तिथूनच जातात, काम पाहतात, विकत घेतात. तिथला कारागीर पाहुण्यांसाठी आणून बसवलेला नाही. तो त्याच्या रोजच्या कामाच्या जागी आहे आणि पाहुणे तिथे येतात. पंधरा दिवसांच्या कार्यक्रमात ही स्थिती जितकी जवळ आणता येईल तितकी आणा.

आता जागा. दहा बाय बारा फूट पुरतात. आपले बहुतेक कारागीर जमिनीवर मांडी घालून बसतात आणि लोक उभे राहून त्यांच्या डोक्याकडे पाहतात. पाहणाऱ्याला काम दिसत नाही, कारागिराला चेहरे दिसत नाहीत. उपाय सोपा : ४५ सेंटिमीटर उंचीचा, सहा बाय सहा फुटांचा भक्कम लाकडी मंच. त्यावर मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १२० सेंटिमीटरवर येतात, म्हणजे चौथी-पाचवीतल्या मुलाच्या डोळ्यांसमोर. मोठ्यांसाठी मंचापासून मीटरभर अंतरावर बुटके बाक ठेवा. दोरी बांधण्यापेक्षा बाक बरे. अंतर राखलं जातं आणि बसलेला माणूस उभ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ थांबतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याला प्रकाश डावीकडून हवा. दिवा प्रेक्षकांच्या पाठीमागे लावला तर गर्दी वाढेल तशी कामावर सावली पडते. ही चूक जवळजवळ प्रत्येक ठिकाणी होते, आणि उद्‌घाटनाच्या दिवशीच लक्षात येते.

सगळ्यात महत्त्वाचं वेळापत्रक. काम आणि बोलणं एकाच वेळी होत नाही. बारीक रेषा ओढणाऱ्याला दर दोन मिनिटांनी कोणीतरी "हे किती दिवसांत होतं?" विचारत असेल, तर तिसऱ्या दिवशी तो मान खाली घालून उत्तरं द्यायचं सोडतो आणि लोक त्याला तुसडा ठरवतात. म्हणून अकरा ते साडेबारा काम, मग वीस मिनिटं बोलणं. तीन ते साडेचार काम, पुन्हा वीस मिनिटं बोलणं. कामाच्या वेळात नेहमीच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला तुमचा एक माणूस शेजारी हवा. दोनच कर्मचारी असतील तर जवळच्या महाविद्यालयातले विद्यार्थी आळीपाळीने घ्या, पण त्यांना आधी पूर्ण एक दिवस कारागिरासोबत बसवा. कारागिराच्या तोंडून ऐकलेले शब्द त्यांनी वापरावेत, माहितीपत्रकातले नव्हेत. बोलण्याच्या वेळा प्रवेशद्वारावर ठळक लिहा. लोक त्या वेळा धरून येऊ लागले की समजा, गाडी रुळावर आहे.

आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. पहिले दोन दिवस प्रसिद्धी करू नका. जागा, प्रकाश, उकाडा यांची घडी तोवर बसते.

प्रश्न : दालनात रंग, पाणी, बांबू, शेण आणल्याने मूळ वस्तूंना धोका नाही का? आमचे संवर्धक ठाम नकार देतात.
– कर्मचारी, मुंबई

संवर्धक घाबरतात ते बरोबर आहे, पण नकाराऐवजी त्यांच्याकडून यादी घ्या. धोका सामानागणिक वेगळा असतो.

बांबू, सुकं गवत, भोपळे, न रापलेलं लाकूड यांतून किडे येतात. कोवळ्या बांबूत पिष्ट भरपूर असतं, त्यावर भुंगेरे वाढतात. बांबूखाली मैद्यासारखी बारीक पूड दिसली की समजायचं. असं सामान आत आणण्याआधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा दाबून काढून घट्ट बंद करा आणि उणे २० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. चोवीस तास तशीच राहू द्या, नाहीतर गार वस्तूवर दव धरतं. म्हणजे सामान कारागिराच्या आधी किमान तीन आठवडे तुमच्याकडे पोचलं पाहिजे. कारागीर येताना गाठोड्यात घेऊन आला तर ही सगळी व्यवस्था फुकट.

वारलीचा पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा. झुरळं आणि कागद खाणारी कसर दोघांनाही तो आवडतो, आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. शेणाने सारवलेली भिंत वाळेपर्यंत दालनातली आर्द्रता वाढवत राहते. कापड आधीच बाहेर शेणाने किंवा गेरूने माखून, पूर्ण वाळवून आणायचं आणि आत पांढऱ्या पोस्टर रंगाने काम करायचं, ही तडजोड बरेच वारली चित्रकार स्वतःही करतात. पारंपरिक पीठ दाखवायचंच असेल तर अंगणात दाखवा.

तैलरंगाचं काम दालनात नकोच. टर्पेंटाइनचा वास ही लहान अडचण. खरी भीती जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांची. हे तेल सुकताना हवेतला प्राणवायू घेतं आणि उष्णता सोडतं. चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आत कोंडते आणि काही तासांत बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. तेलरंग चालू असेल तिथे झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात थोडं पाणी, आणि तो डबा रोज संध्याकाळी इमारतीबाहेर. लाखेचं स्पिरिटमधलं रोगणही दालनात नको, तो टप्पा उघड्यावर करा. ताजं तैलचित्र बंद कपाटात शिशाच्या नाण्यांशेजारी मांडायचा मोह कधी कधी होतो. सुकणाऱ्या तेलातून निघणारी आम्लं शिशाला खातात, हे लक्षात ठेवलेलं बरं.

उजेडाचं गणित जमत नाही, ते जमवायचा प्रयत्नही करू नका. जुनं कापड आणि कागदावरची चित्रं ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात. बारीक कुंचल्याने काम करणाऱ्याला ५०० लागतात. एकाच खोलीत दोन्ही करायला गेलात तर एक तर साडी विटते, नाहीतर माणसाचे डोळे दुखतात. व्हरांडा, मधला चौक, तिकिटघराशेजारची खोली यांपैकी एखादी जागा बघा आणि मूळ वस्तूकडे जायचा रस्ता तिथूनच न्या.

प्रश्न : कारागिराला कामाच्या जागी चहा-नाश्ता द्यावा का?
– स्वयंसेविका, नाशिक

कामाच्या जागी नाही, झुरळं येतात. पण दारामागे पंखा, पाणी आणि आडवं होण्याएवढी जागा असलेली खोली हवीच, आणि तिची चावी त्यांच्याकडे. महिला कारागीर असतील तर स्वच्छतागृह त्या खोलीला लागून आहे का, हे आमंत्रण पाठवायच्या आधी पाहा.

प्रश्न : मी वारली चित्रकार आहे. एका संग्रहालयाने दहा दिवस बोलावलं. मानधन दिलं आणि केलेली सगळी चित्रं ठेवून घेतली. आता त्याच चित्रांचे कप आणि पिशव्या त्यांच्या दुकानात विकायला आहेत. हे बरोबर आहे का?
– चित्रकार, पालघर जिल्हा

दोन गोष्टी वेगळ्या धरा. कापडावरचं चित्र ही एक वस्तू आहे, ती विकता येते, देता येते. त्या चित्राची नक्कल करून कप छापण्याचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, हा निराळा. चित्र विकलं म्हणून कॉपीराइट आपोआप जात नाही.

तुमच्या बाबतीत मात्र एक खाचखळगा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ नुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्र काढलं आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक सांगणारा ठरतो. संग्रहालय याच कलमावर बोट ठेवेल. मानधन बसून काम दाखवण्याचं होतं की ती ठरावीक चित्रं काढून देण्याचं, हा वादाचा मुद्दा राहील. म्हणून आमंत्रणाचं पत्र, व्हॉट्सॅपवरचे निरोप, पावती, सगळं जपून ठेवा आणि वकिलाला दाखवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला मोफत सल्ला मिळतो.

पुढच्या वेळी निघण्याआधी एका पानाचा करार मागा. भाषा मराठी असली तरी चालते. त्यात एवढं असावं : मानधन हे उपस्थितीचं आणि प्रात्यक्षिकाचं आहे. या काळात झालेल्या चित्रांचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. चित्रं कोणाची, संग्रहालय ठेवणार असेल तर प्रत्येकाची वेगळी किंमत. छापील वस्तू करायच्या असतील तर कोणत्या, किती वर्षं, विक्रीतला किती हिस्सा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. तुम्ही काहीच लिहिलं नाही तरी कायदा काहीतरी धरतो, ते तुमच्या सोयीचं असेलच असं नाही. मानधनाचे दिवस मोजताना प्रवासाचे, मांडणीचे आणि आवरण्याचे दिवस धरा. दहा दिवसांचं प्रात्यक्षिक म्हणजे घराबाहेरचे तेरा-चौदा दिवस असतात, आणि शेतीच्या हंगामात मागे मजूर लावावा लागला तर तोही खर्चच.

भिंतीवर काम करणार असाल तर आणखी एक कलम : भिंत पाडायची किंवा रंगवायची झाली तर तीन महिने आधी लेखी कळवावं आणि छायाचित्रं काढू द्यावीत. मधुबनीच्या गंगादेवींनी दिल्लीच्या हस्तशिल्प संग्रहालयात रंगवलेलं कोहबर घर (लग्नाची चित्रांनी सजवलेली खोली) २०१५ च्या नूतनीकरणात नाहीसं झालं. आपल्या कायद्याचं कलम ५७ कलाकाराला कामाची मोडतोड रोखण्याचा हक्क देतं. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं कांस्यभित्तिशिल्प १९७९ मध्ये उखडून गोदामात टाकलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, अवशेष परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. पण मधे २६ वर्षं गेली. एक ओळ आधी लिहून घेणं स्वस्त पडतं. चित्र नुसतं मांडून न ठेवणं, गोदामात नीट ठेवणं, याला मात्र कलम ५७ लागत नाही.

प्रश्न : आदिवासी कलाकाराला काचेशेजारी बसवून लोकांनी पाहायचं, हे मला खटकतं. प्राणिसंग्रहालयात आणि यात फरक काय?
– समाजशास्त्राच्या प्राध्यापिका, कोल्हापूर

खटकायलाच हवं. संग्रहालयांचा या बाबतीतला इतिहास फारसा भूषणावह नाही. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस, ज्याला इशी म्हणत, सान फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात राहायला आला. रविवारी लोक जमत आणि तो दगडी बाणाची पाती घडवून, काड्या घासून अग्नी पेटवून दाखवी. त्याच्याभोवतीचे अभ्यासक त्याच्याशी प्रेमाने वागत होते, त्याला पगारही होता. पण जायला दुसरं घर नव्हतं आणि ज्यांच्यासाठी ती पाती घडवायची ते कोणी उरले नव्हते. १९१६ मध्ये तो क्षयाने गेला.

याच्याशेजारी कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहराचं उदाहरण ठेवा. तिथल्या प्रांतिक संग्रहालयाने १९५२ मध्ये क्वाक्वाकावाक्व समाजाचे प्रमुख आणि काष्ठशिल्पी मंगो मार्टिन यांना नोकरीवर घेतलं. आवारातल्या थंडरबर्ड पार्कमध्ये उघड्या शेडखाली ते टोटेमचे खांब कोरत आणि येणारे-जाणारे पाहत. वरवर चित्र तेच. पण मार्टिन यांनी १९५३ मध्ये तिथे आपल्या घराण्याच्या हक्काच्या चिन्हांसह मोठं लाकडी घर बांधलं आणि त्याच्या प्रवेशाला पॉटलॅच केला. दान, नाच आणि हक्कांची जाहीर घोषणा असा हा सोहळा कॅनडाच्या कायद्याने १८८५ पासून १९५१ पर्यंत बंद पाडला होता. म्हणजे बंदी उठून जेमतेम दोन वर्षं झाली असताना तो संग्रहालयाच्या आवारात जाहीरपणे झाला. मार्टिन यांनी हाताखाली हेन्री हंट आणि टोनी हंट यांना तयार केलं आणि पुढे तेही तिथेच कोरत राहिले.

आमच्या मते फरक ओळखायला चार प्रश्न पुरतात. काय करायचं हे कोण ठरवतं? कलाकाराच्या हाताखाली कोणी शिकतं आहे का? त्याच्या स्वतःच्या समाजातले लोक पाहायला येतात का, आणि त्यांना तिकीट माफ आहे का? आणि तो हवं तेव्हा उठून जाऊ शकतो का?

चौथा प्रश्न औपचारिक वाटेल, तसा तो नाही. जपानच्या निगाता प्रांतात तोकामाची इथे जुन्या शाळेच्या इमारतीत तोकिओ हासेगावा यांनी १९८२ मध्ये मिथिला संग्रहालय उघडलं. मिथिला आणि वारली चित्रकार तिथे दीर्घ मुक्कामाला जात. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं काम तिथे आहे. याच संग्रहालयात मुक्कामी असताना २००१ मध्ये भोपाळचे परधान गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांनी आयुष्य संपवलं. त्यानंतर परदेशी मुक्कामांच्या करारांबद्दल आपल्या कलाजगतात बरीच चर्चा झाली. कोणा एकाला दोषी न ठरवताही त्यातून व्यवहारात आणायच्या गोष्टी स्पष्ट आहेत : परतीची तारीख करारात, परतीचं तिकीट आणि पासपोर्ट कलाकाराच्या हातात, त्याची भाषा बोलणारं माणूस जवळ, महिन्याहून मोठा मुक्काम एकट्याने नाही, आणि लवकर परतायचं म्हटलं तर मानधन झालेल्या दिवसांचं पूर्ण, प्रश्न न विचारता. हे नियम जपानला लागू तसे मुंबईलाही. डहाणूच्या पाड्यावरून आलेल्या माणसाला मुंबईतला तिसरा आठवडा परदेशासारखाच जाऊ शकतो.

आणि कधी कधी हा प्रश्नच उलटा करून सोडवता येतो. कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचे कलाकार परशुराम गंगावणे (पद्मश्री, २०२१) यांच्या कुटुंबाने घरच्या गोठ्यातच ठाकर आदिवासी कला आंगण उभं केलं. तिथे पाहुणा प्रेक्षक असतो, यजमान कलाकार असतो आणि काय दाखवायचं ते यजमान ठरवतो. मोठ्या संग्रहालयांनी अशा ठिकाणी आपल्या पैशाने बस भरून लोक न्यावेत, हा पर्याय कोणी गांभीर्याने घेत नाही याचं आश्चर्य वाटतं.

प्रश्न : पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात चित्रकार घोडा (कॅनव्हास ठेवायचा ईझल) लावून जुन्या चित्रांच्या नकला करतात. आपल्याकडे कलामहाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना हे का करू देत नाहीत?
– विद्यार्थी, पुणे

काही संग्रहालयं पेन्सिल आणि वही चालवतात, रंग नाही. लूव्रमध्ये ही प्रथा संग्रहालय उघडलं तेव्हापासूनची, म्हणजे १७९३ पासूनची आहे, आणि तिला नियमांचं कुंपण आहे. परवाना एका चित्रासाठी तीन महिन्यांचा. काम सकाळपासून दुपारी दीडपर्यंत. नक्कल मूळ चित्राहून पाचव्या हिश्शाने तरी लहान किंवा मोठी असली पाहिजे. मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. कॅनव्हासच्या पाठीवर संग्रहालयाचा शिक्का. हे सगळं एकाच कारणासाठी, उद्या ही नक्कल अस्सल म्हणून बाजारात जाऊ नये.

तुमच्या महाविद्यालयाने संग्रहालयाला अर्ज करायचा तर हेच नियम स्वतःहून लिहून द्या आणि त्यात भर घाला : एका वेळी दोनच विद्यार्थी, चित्रापासून दोन मीटर, घोड्याच्या पायांना रबरी टोप्या, खाली मेणकापड, रंग जलरंग किंवा कोरडे खडू नव्हेत तर रंगीत पेन्सिली. खडूची धूळ उडते आणि पाण्याचा पेला सांडतो, नकाराची निम्मी कारणं इथेच संपतात. चित्र निवडताना कॉपीराइटही पाहा. तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये आणि म. वि. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. ना. श्री. बेंद्रे १९९२ मध्ये गेले, त्यांच्यासाठी परवानगी लागेल.

शिकाऊ मुलं नक्कल करताना दिसली की बाकीचे लोकही मूळ चित्राकडे पुन्हा वळून पाहतात, असा अनुभव सगळीकडचा आहे. चेहरा चुकतो आहे हे प्रेक्षकाला कळतं, मग नेमकं काय चुकलं ते शोधायला तो मूळ चित्र निरखतो.

प्रश्न : कार्यक्रम यशस्वी झाला की नाही, हे विश्वस्तांना कसं दाखवायचं? आम्ही फक्त तिकिटं मोजतो.
– सचिव, एक वस्तुसंग्रहालय, विदर्भ

तिकिटांचा आकडा शाळेच्या दोन सहलींनी फुगतो. त्याऐवजी तीन नोंदी ठेवा. रोज एकाच अर्ध्या तासात, समजा साडेतीन ते चार, थांबलेल्या माणसांचा वेळ घड्याळ लावून नोंदवा. बाहेर पडताना प्रत्येक दहाव्या माणसाला एकच विचारा : याआधी इथे कधी आला होतात? आणि कारागिराला रोज संध्याकाळी विचारा, आज कोणता नवा प्रश्न आला. "केवढ्याला?" आणि "किती दिवस लागतात?" यांपलीकडचे प्रश्न दुसऱ्या आठवड्यात वाढले नाहीत, तर शेजारी बसणारा माणूस बदला किंवा मांडणी बदला.

मुलांना हात लावू देणार असाल तर पंचवीसची तुकडी, पाऊण तास. वारलीसाठी खाकी कागद साधारण ए-फोर मापाचे तीस, टोक ठेचलेल्या बांबूच्या काड्या तीस, पांढरा पोस्टर रंग मुलामागे दहा मिलिलिटर धरून तीनशे. रंग बाटलीच्या झाकणांत वाढा आणि पाण्याऐवजी ओला स्पंज द्या. पंचवीस पेले पाणी म्हणजे दोन तरी सांडणारच. कारागिराने या वेळी शिकवायचं असेल तर त्या दिवशीचं त्याचं स्वतःचं काम बंद, मानधन चालू.

प्रश्न : दिवाळीत संग्रहालयाच्या मुख्य दालनात मोठी व्यक्तिचित्र-रांगोळी काढायची आहे, लोकांसमोर चार दिवसांत. काय काळजी घ्यावी?
– रांगोळी कलाकारांचा गट, ठाणे

कल्पना चांगली. शेवटी पुसल्या जाणाऱ्या कामाला लोक रोज परत येतात, कारण उद्या ते पुढे गेलेलं असतं आणि परवा नसणार. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात १९८८ मध्ये तिबेटी भिक्षूंनी कालचक्राचं वाळूचं मंडल लोकांसमोर घातलं, तेव्हापासून जगभरच्या संग्रहालयांना या प्रकाराची गोडी लागली.

संगमरवरी फरशीवर थेट काढू नका. रांगोळी घसरते आणि फरशीच्या सांध्यांत रंग बसतो. आठ बाय आठ फुटांचं प्लायवुड, खाली पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे, वर गेरूचा किंवा गडद डिस्टेंपरचा खडबडीत हात. एवढ्या क्षेत्रावर मिलिमीटरभर थर म्हणजे सहा लिटर, वजनात आठेक किलो. वाया जाणारं धरून दहा-बारा किलो आणा. चेहऱ्याच्या छटा आधी मिसळून, बरण्यांवर क्रमांक घालून ठेवा. लोकांसमोर छटा जुळवत बसलात तर पहिला दिवस त्यातच जातो.

पंखे बंद, आणि एसीच्या झोताची दिशा आदल्या दिवशी उदबत्तीच्या धुराने तपासा. मुख्य दरवाजा उघडताना येणारा वारा सगळ्यात घातक, म्हणून प्लायवुड दारासमोर नको, बाजूच्या भिंतीकडे. काठापासून मीटरभरावर दोरी. इथे बाक नको, कारण बाकावरून मुलं उतरताना पाय पुढे टाकतात. रांगोळीची धूळ दगडाची असते, ती उघड्या वस्तूंवर बसली की पुसताना ओरखडे उठतात. तेव्हा आसपासच्या उघड्या मूर्ती त्या चार दिवसांपुरत्या स्वच्छ सुती कापडाने झाका आणि तुम्ही स्वतः मास्क लावा. संग्रहालय बंद झाल्यावर रखवालदार नेहमीप्रमाणे झाडू मारणार नाही, हे त्याला समक्ष सांगा. सूचनाफलकावर लिहून भागत नाही.

आवरताना झाडू वापरू नका, बारीक गाळणी लावलेल्या व्हॅक्यूमने ओढा. बाजारातल्या रांगोळीत कृत्रिम रंग असतात, ती नदीत सोडू नका. पोत्यात भरून पुढच्या वर्षी पार्श्वभूमीच्या करड्या रंगासाठी वापरता येते.